मूठभर धान्य, दोनशे रुपये आणि एक धरण

महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्या बहुतेकांच्या सॅलरी स्लिपमध्ये 'पी.टी.' नावाची एक छोटीशी ओळ असते. दर महिन्याला दोनशे रुपये, फेब्रुवारीत तीनशे. वर्षाचे अडीच हजार. बेसिक, एचआरए, पीएफ यांच्यावर तासन् तास चर्चा करणारी मंडळीही या ओळीकडे ढुंकून बघत नाहीत. रक्कमच इतकी किरकोळ की एका शनिवारच्या जेवणाच्या बिलात तिचा पत्ता लागू नये.

पी.टी. म्हणजे प्रोफेशनल टॅक्स, सरकारी मराठीत व्यवसाय कर. हा कर १९७५ साली आला तो एका ठरावीक कामासाठी. शहरात नियमित पगार मिळवणाऱ्याने थोडे पैसे द्यायचे आणि त्यातून खेड्यातल्या माणसाच्या हाताला काम द्यायचं. जितका कर जमेल तितकीच भर सरकारनेही घालायची. म्हणजे एसीत बसून कोड लिहिणारा तुमच्या-माझ्यासारखा माणूस, त्याला पत्ताही नसताना, दुष्काळाचा देणगीदार झालेला असतो. :-)

ज्या योजनेसाठी हा कर आला तिचं नाव रोजगार हमी योजना, आणि तिचा पहिला प्रयोग झाला सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात.

हे सगळं खोदत बसण्याचं कारण सांगतो. दर दोन-चार वर्षांनी कृष्णेला पूर येतो नाहीतर माणदेशात पाऊस दडी मारतो. मग ऑफिसात मेल फिरते, ग्रुपवर क्यूआर कोड येतात आणि प्रत्येक वेळी तोच प्रश्न पडतो: पैसे द्यायचे ठीक आहे, पण नेमके कुणाला? या प्रश्नाचं उत्तर इंटरनेटवरच्या रेटिंगमध्ये शोधण्यापेक्षा सातारा-सांगलीच्या इतिहासात शोधावं असं मला वाटलं. कारण या दोन जिल्ह्यांनी गेल्या दीडशे वर्षांत मदतीचे जितके प्रकार पाहिले आहेत तितके फार कमी भागांनी पाहिले असतील.

दोन जिल्हे म्हणतोय खरं, पण १९४९ पर्यंत यातला बराचसा मुलूख एकाच सातारा जिल्ह्यात होता. मग दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. भूगोल मात्र एखाद्याने मुद्दाम टेस्ट केस म्हणून लिहावा तसा. पश्चिमेला महाबळेश्वर, वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस. तिथून पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर माण तालुका, जिथे जेमतेम पाचशेच्या आसपास. खाली सांगलीला कृष्णेचा पूर, आटपाडी-जतला टँकर. मध्ये कोयनेचं खोरं, जिथे ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त केलं. पूर, दुष्काळ, दरड, भूकंप, सगळं एका एस.टी.च्या टप्प्यात.

तर आपण एक साधं टेबल करू. कॉलम तीन. पैसा कुणाचा? ठरवलं कुणी? उरलं काय? दर वेळी हे तीन रकाने भरत जायचे.

साहेबाचा तलाव

सुरुवात १८७६-७७ च्या दुष्काळापासून. तेव्हा मुंबई इलाख्यात सरकारी 'रिलीफ वर्क' निघाली. मजुरी किती द्यायची? रिचर्ड टेंपल नावाच्या साहेबाने हिशेब मांडला आणि मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे सुटे पैसे इतकी खाली आणली. खडी फोडणाऱ्या माणसाला दिवसाला अर्धा किलोही धान्य नाही! लोकांनी कामं सोडली, एका अर्थाने संपच केला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारला पाठवली.

त्या दुष्काळी कामांपैकी एक म्हणजे म्हसवडजवळचा राजेवाडी तलाव. आजही आहे. म्हणजे 'उरलं काय' हा रकाना रिकामा नाही, उलट चांगला भरलेला आहे. पण मधला रकाना बघा. तलाव कुठे, कालवे कुठे, मजुरी किती, सगळं साहेबाने ठरवलेलं. तलाव माणमध्ये आणि पाण्याचा फायदा मुख्यतः खालच्या आटपाडी-सांगोल्याच्या बाजूला. खालच्यांनाही पाणी हवंच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्यांनी उपाशीपोटी माती वाहिली त्यांना कुणी विचारलं नव्हतं, एवढीच नोंद करून पुढे जाऊ.

एक मूठ

यानंतर चाळीसेक वर्षांनी, ४ ऑक्टोबर १९१९ ला, कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये संस्था साताऱ्यात आली आणि तिथे सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र वसतिगृह सुरू झालं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं.

वसतिगृह म्हटलं की पहिला खर्च जेवणाचा. त्यासाठी जी युक्ती केली ती मला कुठल्याही क्राउडफंडिंगपेक्षा भारी वाटते. मुष्टिफंड. घरातल्या बाईने दळायला किंवा रांधायला धान्य काढलं की त्यातली एक मूठ बाजूच्या मडक्यात टाकायची. महिन्याने कुणीतरी येऊन ते धान्य घेऊन जाणार. रोख पैसा ज्यांच्या हातात कधी येतच नव्हता त्या बायका देणगीदार झाल्या. पुन्हा, देणारीला आपली मूठ कुठे जाते ते ठाऊक. तिच्या गावचा नाहीतर शेजारच्या गावचा पोरगा त्या भाकरीवर शिकत होता. कमी पडलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा.

याची खरी परीक्षा झाली १९४८ मध्ये. भाऊरावांनी सरकारवर जाहीर टीका केली आणि मुंबई सरकारने संस्थेचं अनुदान थांबवलं. एव्हाना संस्था मोठी झाली होती, अनुदानाशिवाय चालवणं सोपं नव्हतं. तरी संस्था बुडाली नाही. गाडगे महाराजांसारखी माणसं मध्ये पडली, लोक उभे राहिले आणि अनुदान पुन्हा सुरू झालं. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की हजारो घरांची मूठ ज्या संस्थेत पडलेली असते ती बंद पाडणं कुठल्याही मंत्र्याला अवघड जातं. आपल्या भाषेत सांगायचं तर सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर नव्हता.

थोडं विषयांतर. साधारण याच सुमारास, १९१४ मध्ये, अमेरिकेत क्लीव्हलँड शहरात फ्रेडरिक गॉफ नावाच्या बँकरने एक नवा प्रकार सुरू केला. त्याच्या बँकेत श्रीमंत लोकांची मृत्युपत्रं यायची. अमुक रक्कम अमुक कामासाठीच, कायमची. पुढे ते कामच राहत नसे, पण अट तशीच. मेलेल्या माणसाचा हात जिवंत माणसांचा गळा धरून बसलेला. गॉफने सुचवलं की सगळ्यांचे पैसे एका निधीत घाला आणि ते कशावर खर्चायचे ते दर पिढीत त्या शहरातल्याच लोकांच्या समितीला ठरवू द्या. याला तिकडे कम्युनिटी फाउंडेशन म्हणतात. आज जगभर अशा संस्था आहेत. आपण त्याला स्थानिक लोकनिधी म्हणू. गॉफने मधल्या रकान्यावर बोट ठेवलं होतं: ठरवणार कोण? विषयांतर समाप्त.

निम्मा सारा गावाला

आपल्याकडे मधल्या रकान्याचा प्रयोग एका राजाने केला. औंध संस्थान, गावं ७२, तीही सातारा-सांगलीच्या आसपास विखुरलेली, आटपाडीही त्यातच. राजे भवानराव पंतप्रतिनिधी, म्हणजे सूर्यनमस्कारवाले. त्यांनी, त्यांचे चिरंजीव अप्पा पंत यांनी आणि मॉरिस फ्रीडमन नावाच्या पोलिश इंजिनिअरने (होय, इंजिनिअर!) गांधीजींच्या सल्ल्याने एक राज्यघटना तयार केली. जानेवारी १९३९ मध्ये ती लागू झाली आणि राजाने आपली सत्ता लोकांना देऊन टाकली.

यातला आपल्या कामाचा भाग असा की गावात जमा होणाऱ्या महसुलाचा निदान निम्मा हिस्सा गावच्या पंचायतीकडे खर्चाला राहणार. शाळा, रस्ता, विहीर, काय आधी ते गाव ठरवणार. गरीब, कोरडा मुलूख. त्यामुळे आकडे काही डोळे दिपवणारे नव्हते. पण विहीर हवी की चावडी, हे ठरवायला गावाला कुणाच्या दारात जावं लागत नव्हतं. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं आणि प्रयोग तिथेच थांबला. त्यानंतर निर्णय पुन्हा जिल्ह्याच्या गावी, मग मुंबईला गेले.

विसापूरची हमी

आता येऊ आपल्या दोनशे रुपयांकडे. वि. स. पागे हे विसापूरचे. १९६० पासून १९७८ पर्यंत महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती. त्यांचं म्हणणं साधं होतं. शेतमजुराला वर्षातले कित्येक महिने काम नसतं, दुष्काळात तर नसतंच. त्याला दान देण्यापेक्षा काम मागायचा हक्क द्या. १९६९ मध्ये तासगाव तालुक्यात हा प्रयोग सुरू झाला, १९७२ पासून योजना राज्यभर नेली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि १९७९ पासून तो अमलात आला. २००५ मध्ये केंद्राने देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा डोळ्यांसमोर महाराष्ट्राचा हाच अनुभव होता.

मध्येच आला बहात्तरचा दुष्काळ. आजी-आजोबांना विचारून बघा. सुकडी आणि मिलो ज्वारी हे दोन शब्द उच्चारले की त्यांची गाडी सुरू होते. मे १९७३ मध्ये जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. एवढ्या मोठ्या दुष्काळात महाराष्ट्रात पूर्वीसारखं भूकबळींचं थैमान झालं नाही, ही गोष्ट जगभरच्या अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यासली आहे. त्यामुळे 'सरकारी मदत म्हणजे सगळा भ्रष्टाचार' असं सरसकट म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. जीव वाचले, लाखांनी वाचले.

पण तिसरा रकाना? पाझर तलाव झाले, बांधबंदिस्ती झाली, रस्ते झाले. आणि खडी फुटली. प्रचंड खडी फुटली. कारण काम मागायला हजार माणसं दारात उभी असतील तर अधिकाऱ्याला सगळ्यात सोपं मोजमाप म्हणजे खडीचा ढीग. दहा वर्षांनी पुन्हा दुष्काळ पडला तेव्हा तीच माणसं, पुन्हा तोच हातोडा. म्हणजे पॅच लागला, बग तसाच.

वाळू विकून धरण

तो हातोडा खाली ठेवायचं ठरवलं खानापूर तालुक्याने. १९८२ च्या सुमारास दोन गोष्टी एकदम झाल्या. मुंबईत गिरणी संप सुरू झाला आणि संपकरी कामगार गावाकडे परतले. इकडे गावात दुष्काळ. संप, मोर्चे, युनियन पाहिलेली ही मंडळी रोजगार हमीच्या कामावर गेली आणि प्रश्न विचारू लागली. आम्ही खडी का फोडायची? ज्याने दुष्काळच हटेल असं काम का काढत नाही? यातून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. भारत पाटणकर, गेल ऑम्व्हेट, बलवडीचे संपतराव पवार, पाण्याचे अभियंते के. आर. दाते अशी माणसं यात होती. लोकविज्ञान चळवळीतल्या लोकांना घेऊन गावांनी आपल्या पाण्याचा अभ्यास केला.

अभ्यासात एक मजेशीर गोष्ट दिसली. मजेशीर म्हणजे चीड आणणारी. येरळा नदी कोरडी, पण तिच्या पात्रातली वाळू ठेकेदार ट्रक भरभरून नेत होते. वाळू पाणी धरून ठेवते. ती गेली की आजूबाजूच्या विहिरींचं पाणी खाली जातं. गावाचं पाणी जात होतं ते जात होतंच, वाळूचा पैसाही बाहेर जात होता. लोक म्हणाले, वाळू आमच्या नदीची. थोडी वाळू आम्हीच विकतो आणि त्या पैशातून आमचं आम्ही धरण बांधतो.

सरकारी यंत्रणेला हे पचायला वेळ लागला. परवानग्या अडल्या, काम थांबलं, आंदोलनं झाली. शेवटी बलवडी आणि तांदुळवाडी या दोन गावांसाठी येरळेवर बळीराजा धरण उभं राहिलं. खर्चाचा काही भाग वाळूतून आला, काही शहरातल्या हितचिंतकांनी बिनव्याजी दिला, आणि श्रमदानाला गावकऱ्यांबरोबर मुंबईहून विद्यार्थी आले.

धरण लहान आहे. कोयनेशेजारी ठेवलं तर खेळण्यातलं वाटेल. मोठी आहे ती त्याच्या पाण्याची वाटणी. पाणी जमिनीच्या प्रमाणात द्यायचं नाही, प्रत्येक कुटुंबाला सारखा वाटा. ज्याला जमीनच नाही त्यालाही. आणि थोड्या पाण्यात सगळ्यांचं भागायचं तर ऊस लावायचा नाही, अशी मूळ आखणी. पुढे कृष्णा खोऱ्यात समन्यायी पाणीवाटपाची जी मागणी उभी राहिली, तिला दाखवायला हे एक छोटं धरण होतं.

आता तिन्ही रकाने भरा. पैसा गावचा आणि शहरातल्या मित्रांचा. ठरवलं गावाने. उरलं धरण आणि वाटणीचा नियम. मला या अख्ख्या टेबलातली ही सगळ्यात पूर्ण ओळ वाटते. शहरातल्या माणसाची जागाही इथे छान दिसते. पैसे दिले, घाम गाळला, पण धरण कुठे बांधायचं ते त्याने सांगितलं नाही.

बँकेची छावणी

बळीराजाच्या उत्तर-पूर्वेला, राजेवाडी तलावाच्या शेजारी, म्हसवड. इथे चेतना गाला सिन्हा आणि गावच्या बायकांनी १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू केली. लायसन्सचा किस्सा प्रसिद्ध आहे. सभासद निरक्षर म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला. मग बायका शिकायला बसल्या, आणि पुढच्या खेपेला अधिकाऱ्यांनाच म्हणाल्या की तुम्ही कॅल्क्युलेटर न घेता व्याज काढा, आम्हीही काढतो, बघू कोण आधी.

२०१२ मध्ये मोठा दुष्काळ पडला. एक बाई बँकेत सोनं गहाण ठेवायला आली. कशासाठी, तर जनावरांच्या चाऱ्यासाठी. बँकेच्या दृष्टीने हा एक अर्ज. पण ही बँक त्याच गावातली होती, त्यामुळे तिला कळलं की ही बाई एकटी नाही, मागे अख्खा तालुका उभा आहे. चारा-पाण्यासाठी म्हसवडला जनावरांची छावणी उभी राहिली. हजारो जनावरं आणि त्यांच्याबरोबर त्यांची माणसं. पाऊस येईना, म्हणून छावणी लांबत लांबत दीड वर्ष चालली. देणग्या शहरातून, परदेशातूनही आल्या. २०१९ मध्ये पुन्हा दुष्काळ आला आणि छावणी पुन्हा उभी राहिली.

शहरातल्या माणसाला वाटतं, दुष्काळात जनावरं विकून टाकावीत ना. पण दुष्काळात सगळेच विकायला निघतात, भाव मातीमोल होतो. पाऊस आल्यावर तीच गाय दुप्पट पैसे देऊन कोण घेणार? छावणीने गाय वाचवली म्हणजे पुढच्या वर्षीचं भांडवल वाचवलं. हे एखाद्या बाहेरच्या संस्थेला सर्व्हे करून सहा महिन्यांनी कळलं असतं. बँकेला काउंटरवर कळलं.

पाण्याची गाडी आणि वेळू

एप्रिल २०१६ मधले दोन प्रसंग शेजारी-शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत.

११ एप्रिलला मिरज स्टेशनातून कृष्णेचं पाणी भरलेली रेल्वे लातूरला निघाली. दहा वॅगन, ५ लाख लिटर. पुढे ५० वॅगन जाऊ लागल्या, म्हणजे फेरीला २५ लाख लिटर. अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. सांगली जिल्हा, जो स्वतः अर्धा दुष्काळी, त्याने मराठवाड्याला पाणी पाजलं. तहानलेल्या शहराला ते हवंच होतं, त्यात दुमत नाही.

त्याच महिन्यात, २० एप्रिलला, पानी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा सुरू झाली. तालुके तीन: वरूड, अंबाजोगाई आणि साताऱ्यातला कोरेगाव. आधी गावातल्या माणसांना पाणलोटाचं प्रशिक्षण, मग ४५ दिवस गावाने स्वतः खणायचं. बक्षीस काम झाल्यावर. कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं, ५० लाख रुपये. २०१८ मध्ये माणमधलं टाकेवाडी पहिलं आलं, ७५ लाख. शेजारचं भांडवली दुसऱ्या क्रमांकात.

देणगीदाराच्या बाजूने बघितलं तर हा उलटा प्रकार आहे. नेहमी पैसे आधी, काम नंतर, आणि मग रिपोर्ट. इथे काम आधी. त्यामुळे गावातली भांडणं मिटवून माणसं एकत्र आणायचं जे सगळ्यात अवघड काम, ते पैसा यायच्या आत झालेलं असतं. खोट एकच. हरलेल्या गावालाही तहान असतेच. शिवाय चर खणून जिरवलेलं पाणी कुणाच्या बोअरमधून वर येणार, हे ठरलेलं नसेल तर ज्याची मोटर मोठी त्याचं पाणी. बळीराजाने वाटणी आधी ठरवली होती, ती उगीच नाही.

पूर आणि पाकिटं

आणि ऑगस्ट २०१९. सांगलीच्या आयर्विन पुलाखाली कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि गावातली माणसं, त्यात बायका आणि लहान मुलंही, बुडाली. बोट लहान, माणसं जास्त.

त्याच आठवड्यात सरकारी निर्णय आला की ज्यांचं घर दोन दिवसांपेक्षा जास्त काळ पाण्याखाली असेल त्या कुटुंबाला १० किलो गहू आणि १० किलो तांदूळ. लोक भडकले. घरात छातीएवढं पाणी असताना तास कोण मोजणार? आणि चूल वाहून गेल्यावर गहू दळायचा कुठे? काही ठिकाणी मदतीच्या पाकिटांवर नेत्यांचे फोटो चिकटवले होते, त्यावरूनही गदारोळ झाला. टेंपलसाहेबाला जाऊन १४० वर्षं झाली तरी धान्याचा हिशेब अजून लांबच्या टेबलावरच चालला होता.

लोकांची मदत मात्र धो धो आली. पुण्या-मुंबईहून ट्रकच्या ट्रक. बिस्किटं, पाणी, ब्लँकेट आणि जुने कपडे. जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडले. भावना शंभर टक्के खरी होती. पण पूर ओसरल्यावर लागत होतं ते वेगळंच: घरातला चिखल काढायला पंप, भिजलेली वायरिंग, पोरांची वह्या-पुस्तकं, मेलेल्या म्हशीच्या जागी म्हैस, दुकानदाराला पुन्हा माल भरायला उधारी. ही यादी गल्लीतल्या माणसालाच करता येते. आणि ती तयार व्हायला तीन आठवडे लागतात. तोवर आपला पैसा खर्च होऊन गेलेला असतो आणि लक्ष दुसरीकडे.

दोन वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे या वस्त्यांवर दरडी कोसळल्या. तिथे तर ब्लँकेटने काहीच सुटण्यासारखं नव्हतं. प्रश्न होता कायमची सुरक्षित जागा कुठे, हा. त्याला वर्षं लागतात, आणि वर्षानुवर्षं मागे लागणारी माणसं.

मग द्यायचे कुणाला?

टेबल भरून झालं. मला त्यात जे दिसतं ते असं. पैसा बाहेरून आला म्हणून काही बिघडत नाही. बळीराजात, म्हसवडमध्ये, वेळूत, सगळीकडे बाहेरचा पैसा होता, आणि रोजगार हमीत तर तुमचा-माझाच होता. पण जिथे मधला रकाना गावाकडे होता तिथेच असं काही उरलं जे गावाने आपलं म्हणून सांभाळलं. साहेबाने ठरवलेलाही तलाव उरतोच. पाणी कुणाचं हे भांडणही त्याच्याबरोबर उरतं.

दुसरी गोष्ट, संकटाच्या दिवशी कुठलीच संस्था जन्माला येत नाही. म्हसवडला छावणी उभी राहिली कारण बँक आधी पंधरा वर्षं तिथे होती. १९४८ मध्ये रयत टिकली कारण मडक्यात मूठ आधी तीस वर्षं पडत होती. ब्रह्मनाळला पुरेशा बोटी आणि लाइफ जॅकेट पुराच्या आधी हवी होती. पूर आल्यावर कितीही पैसे जमवून काय उपयोग?

म्हणून माझं गणित असं. पहिल्या आठवड्यात जे द्यायचं ते द्यावं. माणूस बुडत असताना रकाने भरत बसू नये. पण जेवढं द्यायचं ठरवलं असेल त्यातला निम्मा भाग तीन महिने राखून ठेवावा, आणि मग अशा संस्थेला द्यावा जी पुराच्या आधीही त्याच गावात होती. देताना दोनच प्रश्न विचारावेत: कुणाला किती, हे ठरवायला तुमच्या समितीत गावातलं कोण बसतं? आणि ज्याच्याकडे सात-बारा नाही त्याला काय मिळणार? दुसरा प्रश्न बळीराजाकडून उसना घेतलाय. भाड्याने राहणारा, शेतमजूर, दुसऱ्याची म्हैस सांभाळणारा, यांचं नुकसान कुठल्याच पंचनाम्यात नीट बसत नाही.

आणि सगळ्यात स्वस्त, सगळ्यात उपयोगी मदत म्हणजे पाऊस नसताना केलेली. दर महिन्याला थोडी, मुठीच्या मापाने. मे महिन्यात पलूसच्या किंवा म्हसवडच्या एखाद्या संस्थेला पैसे पाठवले की तिकडून फोन येईल, 'काय हो, कुठे पूर आलाय का?' म्हणून. नाही आला, आणि तो यायच्या आत बोट घ्या, एवढंच सांगायचं.

असो. आजच्यापुरतं इतकंच. कुणाच्या गावात असा एखादा निधी, भिशी, मंडळ खरोखर चालू असेल तर जरूर कळवा. टेबलात अजून बऱ्याच ओळी रिकाम्या आहेत.